लाईन गेली आणि काटा मुका झाला

९ मार्चला पहाटे पावणेसहाला फोन वाजला. नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केटबाहेरच्या धर्मकाट्यावरचे (मालाने भरलेली आख्खी गाडी तोलायचा काटा) काका बोलत होते.

"ताई, रात्री लाईन गेली होती. आता आली, पण काटा मुकाच बसून राहिला. डब्यावर वजन दिसते बरोबर. फाटक मात्र वर होत नाही, पावती निघत नाही. मिरचीच्या गाड्या लागल्या आहेत. या बाप्पा लवकर."

मी लॅपटॉप, सिरीयल केबल आणि एक जास्तीचं एसडी कार्ड बॅगेत टाकलं आणि स्कूटर काढली. मेडिकल चौक, नंदनवन, एचबी टाऊन, पारडी. एवढ्या सकाळी रस्ते मोकळे असतात. तरी वाटेत मनातल्या मनात मी एकच गोष्ट चाचपत होते: वजन दिसतंय, म्हणजे काटा ठीक आहे. फाटक आणि पावती बंद, म्हणजे बिघाड आमच्या कंपनीच्या बोर्डात, काट्याशेजारच्या छोट्या कॉम्प्युटरात आहे.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगते. धर्मकाटा ६० टनांचा, १० किलोच्या भागाचा. खालचे लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) आणि वजन दाखवणारा इंडिकेटर (काका त्यालाच डबा म्हणतात) वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या सीलमध्ये असतात. त्यांना आम्ही हात लावत नाही, लावायचाही नसतो. आमचा बोर्ड त्या इंडिकेटरचा आकडा सिरीयल पोर्टवरून फक्त वाचतो आणि बाजूचं सगळं सांभाळतो: दोन्ही बाजूंची फाटकं, लाल-हिरवे दिवे, कॅमेरे, पावतीचा प्रिंटर आणि चार इन्फ्रारेड बीम. हे बीम प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना आडवे लावलेले आहेत. गाडीचं मागचं चाक प्लॅटफॉर्मच्या बाहेर राहिलं तर वजन कमी भरतं, म्हणून कोणताही बीम अडलेला असेपर्यंत सॉफ्टवेअर वजन घेतच नाही. शेतकऱ्याला पावतीवर गाडीच्या फोटोसह आकडा मिळतो आणि त्यावर वाद घालायला कुणाला जागा उरत नाही. हे काम मला मनापासून आवडतं ते याच कारणामुळे.

बीम आणि फाटकं बोर्डाला जोडणारं एक इनपुट-आउटपुट कार्ड आहे. ते आमच्याच कंपनीने बनवलेलं आहे आणि एसपीआय बसवर, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या तारांच्या वाटेवर बसतं. बाजारात त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळणार नव्हता. तो मी लिहिला, लिनक्सचं कर्नल मॉड्यूल म्हणून. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे त्यात हवा तेव्हा घालता येणारा सुटा तुकडा.

पोचले तेव्हा साडेसहा होत होते. काट्यापासून रस्त्यापर्यंत चौदा गाड्या होत्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि काही छोटे ट्रक. हंगामात कळमन्याच्या हवेतच मिरची असते. केबिनचं दार उघडलं आणि पहिल्याच श्वासाला ठसका लागला. काकांनी तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. त्यांनी काही न बोलता दुसरा दुपट्टा माझ्यापुढे धरला.

केबल लावली, बॉड रेट (केबलवरचा वेग) ११५२००, आणि बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. सुरुवातीच्या मजकुरात हिरव्या 'ओके'च्या ओळी सरसर खाली गेल्या आणि मधेच एक लाल ओळ आली: 'फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स'. पुढे सगळं पुन्हा हिरवं. लॉगिन आलं. लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी देणारं एलएसमॉड चालवून पाहिलं, यादीत माझं मॉड्यूल नव्हतं. नावावरून मॉड्यूल शोधून लोड करणाऱ्या मॉडप्रोबने हाताने मागितलं तर उत्तर आलं की '५.१०.१०४-डर्टी' या नावाच्या फोल्डरमध्ये असं काही मॉड्यूल सापडत नाही.

'डर्टी' हा शब्द वाचला आणि जानेवारीतली दुपार लख्ख आठवली.

१७ जानेवारीला मी याच केबिनमध्ये होते. दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे सकाळी ऊन चढताना बीम उगाच अडल्यासारखे दाखवायचे. दुसरी, कधीतरी एसपीआयवरून कचरा वाचला जायचा. पहिलीचा इलाज माझ्या ड्रायव्हरमध्ये होता: बीमचा सिग्नल काही मिलीसेकंद स्थिर राहिल्याशिवाय मानायचा नाही आणि उन्हामुळे येणारी फडफड ओळखून बाजूला टाकायची. दुसरीचा इलाज एसपीआय कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये होता आणि तो मॉड्यूल नव्हता, कर्नलच्या आतच बांधलेला होता. म्हणजे कर्नलची पूर्ण इमेज (सोर्सपासून बांधून तयार झालेली फाईल) बदलणं आलं. मी लॅपटॉपवर एक ओळ दुरुस्त केली, कर्नल बांधला, बूट पार्टिशनवर टाकला. जुन्या इमेजचं नाव बदलून ती तिथेच ठेवली.

गिटमध्ये, म्हणजे सोर्समधल्या बदलांच्या नोंदवहीत, ती एक ओळ मी कमिट केली नव्हती, पक्की नोंदवली नव्हती. आमच्या कर्नलमध्ये आवृत्तीच्या नावाला शेपूट आपोआप लावण्याचा पर्याय चालू आहे. सोर्समध्ये कमिट न केलेला बदल दिसला की बांधताना कर्नल स्वतःच्या नावापुढे 'डर्टी' जोडतो. मॉडप्रोब नेहमी चालू कर्नलच्या नावाचंच फोल्डर उघडतो, 'लिब'मधल्या 'मॉड्यूल्स'खाली. नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी त्याच्या लेखी ते दुसरं घर. माझ्या नव्या कर्नलच्या नावाचं फोल्डर त्या बोर्डावर नव्हतंच, कारण मी फक्त इमेज बदलली होती, मॉड्यूल्स बसवली नव्हती.

मग त्या दिवशी सगळं चाललं कसं? मी इन्समॉड वापरला होता. इन्समॉडला फोल्डर लागत नाही, अवलंबनांची (कोणत्या मॉड्यूलला दुसरं कोणतं लागतं त्याची) यादी लागत नाही. फाईलचा पत्ता द्यायचा, तो ती फाईल कर्नलमध्ये घालतो. नवं मॉड्यूल मी लॅपटॉपवरून बोर्डाच्या टेम्प फोल्डरमध्ये कॉपी केलं, तिथूनच घातलं, बीम तपासले, सगळं उत्तम. नीट बसवणार, तेवढ्यात काट्यावर दोन ट्रक एकदम आले, मग ऑफिसचा फोन आला, आणि मी निघाले.

त्या बोर्डावर टेम्प फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं. म्हणजे ५१ दिवस हा काटा ज्या ड्रायव्हरवर चालला, त्याची बोर्डावरची एकुलती एक प्रत वीज असेपर्यंतच जिवंत होती. यूपीएस लहानसहान खंडित पुरवठा सांभाळत राहिला. त्या रात्री लाईन लांबली, बॅटरी संपली आणि फाईल गेली.

हे मला कळायला चार मिनिटं लागली असतील. त्या चार मिनिटांत बाहेर अजून तीन गाड्या लागल्या.

मी काकांना खरं ते सांगितलं: "काका, चूक माझी आहे. जानेवारीत मी काम अर्धवट ठेवून गेले होते."

ते म्हणाले, "ते मागून पाहू ताई. आता काऊन बंद आहे ते पाहा."

पहिला प्रयत्न सरळ होता. ड्रायव्हरचा सोर्स लॅपटॉपवर होताच. पुन्हा बांधला, बोर्डावर पाठवला, इन्समॉड केला. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पाहिला तर कर्नलने कारणही दिलं होतं: व्हर्जन मॅजिक जुळत नाही.

प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एक ओळ असते. ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं, एकाहून जास्त कोअर धरले आहेत का, प्रीएम्प्शन (कर्नलचं चालू काम मधेच थांबवून दुसरं घेणं) चालू आहे का, प्रोसेसर कोणत्या जातीचा, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. कर्नल ती ओळ स्वतःच्या ओळीशी ताडून पाहतो. मधल्या काळात माझ्या लॅपटॉपवर तोच सोर्स मी दुसऱ्या ग्राहकाच्या उपकरणासाठी वापरला होता. जानेवारीतला बदल गिटच्या स्टॅशमध्ये बाजूला ठेवला होता आणि कॉन्फिगमध्ये (कर्नल बांधायच्या पर्यायांच्या यादीत) प्रीएम्प्शनचा पर्याय बदलला होता. त्यामुळे नवं मॉड्यूल वेगळ्याच कर्नलच्या मापाचं निघालं.

ही तपासणी चुकवता येते. सक्तीने लोड करण्याचा एक पर्याय कर्नलमध्ये असतो. आमच्याकडे तो बंद आहे, पण मॉड्यूलच्या फाईलमधली ती ओळ हाताने बदलूनही कर्नलला फसवता येतं. बाहेर इतक्या गाड्या उभ्या असताना तो विचार माझ्या डोक्यात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण प्रीएम्प्शन वेगळं असलं की स्पिनलॉकसाठी (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) मॉड्यूलमध्ये बांधला जाणारा कोडच वेगळा असतो. एकात कुलूप घेताना प्रीएम्प्शन थांबवलं जातं, दुसऱ्यात त्याची गरजच धरलेली नसते. असं मॉड्यूल लोड होतं, चालतं, आणि तिसऱ्या दिवशी एखाद्या ट्रकच्या वेळी बीमची चुकीची स्थिती सांगतं. चाक बाहेर असताना 'गाडी पूर्ण आत आहे' असं सांगणारा काटा बंद काट्यापेक्षा वाईट. मी ती वाट सोडली.

मग जुनी इमेज आठवली. बोर्ड पुन्हा चालू केला, कर्नल सुरू करून देणारा यू-बूट तीन सेकंद मोजत असताना कळ दाबून थांबवलं आणि बूट होणाऱ्या इमेजचं नाव बदलून जुनी दिली. जुन्या कर्नलचं नाव स्वच्छ होतं, त्याच्या नावाचं फोल्डर कार्डावर जसंच्या तसं होतं, त्यात ड्रायव्हरची पहिली आवृत्ती होती, आणि 'मॉड्यूल्स-लोड-डॉट-डी'मधली (सुरुवातीला लोड करायच्या मॉड्यूल्सची नावं ठेवायचं फोल्डर) एका ओळीची फाईल तिला नावाने बोलावत होती. सात वाजून पाच मिनिटांनी फाटक वर गेलं. बाहेर कुणीतरी जोरात शिट्टी मारली.

पहिली गाडी भिवापूरकडच्या एका शेतकऱ्याची होती. ते रात्री अकरापासून रांगेत होते. मी येण्याआधी काकांनी त्यांना हाताने लिहिलेली पावती देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली होती. पावती हातात आल्यावर त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, चाकं मोजली आणि मला म्हणाले, "मागच्या साली एका ठिकाणी हातची पावती घेतली होती बाई. चाळीस किलोचा फरक निघाला. भांडून काही झालं नाही." एवढं बोलून ते ट्रॅक्टरवर चढले. चाळीस किलो मिरची म्हणजे किती दिवसांची तोडणी, हा हिशोब मी त्यांना विचारला नाही.

जुन्या ड्रायव्हरमध्ये उन्हाचा दोष होताच. मार्चमध्ये तो जानेवारीपेक्षा वाईट. २१ मार्चच्या सुमाराला सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, आणि आमचे बीमचे रिसीव्हर पश्चिमेच्या खांबांवर पूर्वेकडे तोंड करून आहेत. जानेवारीत ऊन तिरकं येऊन थोडा वेळ त्रास द्यायचं, आता ते थेट डोळ्यात. सव्वासातला दोन्ही टोकांचे दिवे लाल झाले ते हिरवे होईनात.

मी काही बोलायच्या आत काकांनी हमालाला हाक मारली. त्याने बारदान्याचे दोन तुकडे आणले, काकांनी ते खांबाला असे बांधले की रिसीव्हरच्या कपाळावर छज्जा झाला. ऊन अडलं, समोरून येणारा बीम तेवढा दिसत राहिला. दिवे हिरवे झाले. इंजिनिअरिंगला असताना मी सेन्सरला हूड लावण्याबद्दल वाचलं होतं. जानेवारीत मला तो सुचला नव्हता, मी थेट कोडकडे धावले होते. आज सांगायला हरकत नाही, तो बारदान्याचा छज्जा त्या सकाळचं अर्धं काम करून गेला.

आता केबिनमध्ये बसून नीट काम करायला वेळ मिळाला. पहिली गरज होती कॉन्फिगची. आमचा कर्नल स्वतःचं कॉन्फिग पोटात घेऊन फिरतो, 'प्रॉक'मध्ये दाबून ठेवलेली एक फाईल असते. तो पर्याय ज्याने कोणी पहिल्या दिवशी चालू ठेवला, त्याचे मी आभार मानले. चालू बोर्डावरून ती फाईल काढली, लॅपटॉपवर तीच लावली. स्टॅशमधली एसपीआयची ओळ परत आणली आणि सगळ्यात आधी कमिट केली. आवृत्तीचं शेपूट आपोआप लावणं बंद करून ठरलेलं नाव दिलं. मग पूर्ण कर्नल बांधायला सोडला. माझ्या लॅपटॉपवर त्याला पंचवीसेक मिनिटं लागतात.

त्या पंचवीस मिनिटांत मी माझाच ड्रायव्हर परक्याने वाचावा तसा वाचला. एक प्रश्न मला आधीपासून खात होता: मुळात हे मॉड्यूल नावाने बोलवावं का लागतं? कर्नलला डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाला काय काय जोडलं आहे त्याचं वर्णन) कार्ड दिसतं, तो युडेव्हला (नव्या उपकरणांची व्यवस्था लावणारा प्रोग्रॅम) कळवतो, आणि युडेव्ह मॉडप्रोबला सांगून जुळणारं मॉड्यूल आपोआप आणतो. यूएसबीचं कुठलंही उपकरण लावलं की हेच घडतं. आमच्या कार्डाचं ते कधीच झालं नव्हतं, म्हणून कोणीतरी 'मॉड्यूल्स-लोड'ची फाईल टाकून विषय मिटवला होता.

कारण सापडलं. ड्रायव्हरमध्ये डिव्हाइस ट्रीची जुळणी करणारा तक्ता होता. पण एसपीआयची तऱ्हा निराळी आहे. कर्नलच्या ५.१० आवृत्तीत एसपीआयवरचं उपकरण युडेव्हला आपली ओळख डिव्हाइस ट्रीच्या पद्धतीने देतच नाही, 'एसपीआय' आणि पुढे नुसतं नाव, अशी देते. त्यामुळे एसपीआयचा स्वतंत्र आयडी तक्ता लिहिला नसेल, तर ओळख जुळत नाही आणि मॉड्यूल कोणी आणत नाही. हाताने घातलं की मात्र डिव्हाइस ट्रीचा तक्ता चालतो आणि सगळं सुरळीत दिसतं, म्हणून दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. मी आयडी तक्ता लिहिला, वर डिव्हाइस टेबलची घोषणा जोडली, आणि मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या मॉडइन्फोने पाहिलं. एलियसच्या (मॉड्यूल कोणत्या ओळखींना जुळतं त्या) ओळींमध्ये एसपीआयची ओळ दिसली. फार दिवसांनी आपल्याच कोडबद्दल मला स्वच्छ वाटलं.

साडेअकरापर्यंत रांग ओसरली होती. दुपारच्या जेवणाच्या वेळी काटा तासभर रिकामा असतो, तो तास काकांनी मला दिला. नवी इमेज टाकली. मॉड्यूल्स या वेळी 'मॉड्यूल्स इन्स्टॉल'च्या रीतीने त्यांच्या फोल्डरमध्ये बसवली, बोर्डावर डेपमॉड चालवला, आणि नावाने बोलावणारी ती 'मॉड्यूल्स-लोड'ची फाईल काढून टाकली. मॉडप्रोब अवलंबनांची आणि एलियसची जी यादी वाचतो ती डेपमॉडच तयार करतो. फाईल योग्य फोल्डरमध्ये असूनही ही यादी जुनी राहिली तर मॉडप्रोबच्या लेखी ती फाईल नसतेच. मग बोर्ड चालू केला. लाल ओळ नाही. एलएसमॉडमध्ये मॉड्यूल आहे, कोणी नाव न घेता आलेलं. आणि फाटक बंद.

पोटात खड्डा पडला. पण लॉग वाचला तर हा दुसराच मामला होता. आमचं वजनाचं ॲप्लिकेशन मॉड्यूल येण्याच्या थोडंसं आधी उठलं, त्याला डिव्हाइसची फाईल दिसली नाही, आणि ते चूक नोंदवून बसलं. आधी मॉड्यूल नावाने लोड व्हायचं तेव्हा सिस्टम-डी (बोर्डावरच्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ते काम सुरुवातीलाच उरकायचा आणि ॲप्लिकेशन आपोआप मागून यायचं. आता युडेव्ह आपल्या गतीने आणतो, मागेपुढे कोण हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. ॲप्लिकेशनमध्ये पाच सेकंदांची झोप टाकून हे झाकता येतं. असे उपाय मी पाहिले आहेत, थंडीत चालतात, मे महिन्यात कार्ड मंदावलं की फसतात. मी युडेव्हच्या नियमात त्या डिव्हाइसला सिस्टम-डीचा टॅग लावला आणि ॲप्लिकेशनच्या युनिटमध्ये (सिस्टम-डीसाठीच्या सूचनांची फाईल) लिहिलं की हे डिव्हाइस प्रकट झाल्यावरच उठायचं, आणि ते गेलं तर आपणही थांबायचं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नवी मुलं मला हे हमखास विचारतात: आरसी-लोकलमध्ये (बोर्ड उठताना चालणारी स्क्रिप्ट) इन्समॉडची एक ओळ टाकली तर काय बिघडतं? बिघडत काहीच नाही, म्हणूनच ती ओळ धोक्याची. ती शेवटी शेवटी चालते, तोवर बाकीच्या सेवा उठून बसलेल्या असतात. कर्नल बदलला की पत्ता चुकतो. मॉड्यूल दुसऱ्या मॉड्यूलवर अवलंबून असेल तर इन्समॉड ते आणत नाही. आणि हे चुकलं तर बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. त्या सकाळची लाल ओळ मला दिसली, कारण 'मॉड्यूल्स-लोड'ची सेवा आपलं अपयश सांगून तरी मोकळी होते.

मग खरी परीक्षा. रीबूटची आज्ञा देऊन मी थांबणार नव्हते. रीबूट ही शहाण्यासारखी झोप असते, सगळं लिहून होतं, फाईलप्रणाली नीट बंद होते. त्या रात्री असं झालं नव्हतं. मी काकांना म्हटलं, "मेन स्विच तुम्हीच पाडा. यूपीएसची वायरही काढा. अन् मला सांगू नका केव्हा."

त्यांनी फाटक अर्धं वर असतानाच पाडला. ३० सेकंद थांबले, पुन्हा दिला. मी कीबोर्डला हात न लावता बसून होते. दिवे लाल, मग हिरवे, फाटक खाली येऊन आपल्या जागी. बीम हिरवे.

दुसऱ्यांदा पाडण्याआधी मी युनिटच्या फाईलमध्ये एक शब्द सुधारला होता, आणि त्यांनी माझं सेव्ह होताच स्विच पाडला. बोर्ड उठला, ती फाईल रिकामी, शून्य बाइट. लिहिलेलं सगळं कर्नल लगेच कार्डावर उतरवत नाही. साधारण ३० सेकंद ते रॅममध्ये राहू शकतं. जानेवारीत मी मॉड्यूल अगदी योग्य फोल्डरमध्ये ठेवलं असतं आणि त्याच क्षणी लाईन गेली असती, तरी हेच झालं असतं. फाईल पुन्हा लिहिली, सिंक केलं (रॅममधलं लगेच कार्डावर उतरवायची आज्ञा), आणि तेव्हापासून माझ्या बसवणीच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ सिंक आहे.

पुढची आठ वेळ काकांनी स्विच पाडला आणि आठही वेळ काटा स्वतःच्या पायांवर उभा राहिला. नवव्यांदा एक ट्रक प्लॅटफॉर्मवर असताना पाडला, हे मी सुचवलं नव्हतं. "रात्री असंच होते ताई," ते म्हणाले. ट्रक उभाच राहिला, बोर्ड उठला, बीम तपासले, गाडी पूर्ण आत आहे हे पाहून वजन घेतलं, पावती दिली. ड्रायव्हरला काही झाल्याचं कळलंही नाही.

ऑफिसात परत आले तेव्हा आमच्या सरांना मी जानेवारीपासूनचा सगळा प्रकार सांगितला. त्यांचं मत होतं की असा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून टाकावा, मॉड्यूल ठेवूच नये, म्हणजे हरवायला फाईलच उरत नाही. ते चूक नाहीत. मी अजूनही मॉड्यूलच्या बाजूची आहे, कारण त्यामुळे पूर्ण कर्नलला हात न लावता बीमचं वागणं सुधारता येतं. पण एका गोष्टीवर आमचं एकमत झालं आणि ती आता लिहून लावली आहे: ग्राहकाच्या जागी कर्नल आणि मॉड्यूल्स सुटे बदलायचे नाहीत, दोन्ही एकाच कमिटमधून, एकाच इमेजमधून जातील, आणि मेन स्विच ग्राहकाच्या माणसाने पाडल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहायचं नाही. जानेवारीत ज्या आणखी दोन काट्यांवर मी गेले होते, तिथे दुसऱ्याच दिवशी जाऊन टेम्प फोल्डर पाहिलं. एका ठिकाणी माझीच एक फाईल सापडली. तीही काढली.

बारदान्याचा छज्जा मी काकांना काढायला सांगितला नाही. नव्या ड्रायव्हरला त्याची गरज नव्हती, पण पुढच्या खेपेला पत्र्याचे दोन छज्जे करून आणले आणि त्यांनी ते स्वतः लावले.

१३ मार्चच्या रात्री सव्वाअकराला पुन्हा काकांचं नाव फोनवर आलं. मी उठून बसले, दिवा लावला, हात बॅगेकडे गेला.

"ताई, लाईन गेली होती दोन-अडीच घंटे. बॅटरी पण संपली. आता आली." मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "फाटक वर-खाली करून पाहिलं. एक गाडी मोजली. पावती निघाली, फोटोसकट. झोपा तुम्ही."